हौद्यातला उजेड

द्राक्षाचा हंगाम भरात आला की तासगाव-पलूस भागात संध्याकाळी शेडबाहेर पिकअप उलटी येऊन लागते. फाळका पडतो, क्रेट चढू लागतात आणि निम्मा माल चढेपर्यंत अंधार होतो. मग हौद्यात थर लावणारा माणूस मोबाइलचा टॉर्च सुरू करतो आणि मोबाइल दातात धरतो, कारण दोन्ही हात क्रेटला लागतात. महाबळेश्वर-पाचगणीची स्ट्रॉबेरी असो, कोरेगावचं आलं असो किंवा कराडहून मुंबईच्या बाजाराला निघालेला भाजीपाला, बहुतेक माल रात्रीच चढतो आणि पहाटे उतरतो. गाडीला कंपनीकडून आलेला आतला दिवा मात्र एकच असतो. तोही कॅबिनच्या छताला, पिवळसर, ड्रायव्हरला पावती वाचता येईल एवढाच. हौद्यात काहीच नाही.

म्हणून सातारा-सांगलीकडचे गाडीवाले हे काम स्वतःच उरकतात. इलेक्ट्रिकच्या दुकानातून एलईडी पट्टीचं पाच मीटरचं भेंडोळं आणायचं, कॅबिनमागच्या लोखंडी जाळीला नाहीतर ताडपत्रीच्या कमानीला चिकटवायचं आणि कुठून तरी करंट घ्यायचा. पट्टी अर्ध्या तासात लागते. पण त्या ‘कुठून तरी’मध्येच सगळी गोम आहे.

या पट्टीचं गणित समजून घ्यायला सोपं आहे. बारा व्होल्टच्या साध्या पांढऱ्या पट्टीत तीन-तीन एलईडी एका ओळीत जोडलेले असतात आणि प्रत्येक तिकडीला एक छोटा रेझिस्टर असतो. मीटरला साठ एलईडी असलेल्या पट्टीवर दर पाच सेंटिमीटरला कात्रीची खूण दिसते, ती याच तिकड्यांची. खुणेवर कापलं तर दोन्ही तुकडे जळतात, भलतीकडे कापलं तर तेवढी एक तिकडी बाद होते. एका पांढऱ्या एलईडीला तीन व्होल्टांहून थोडे जास्त लागतात, म्हणजे तिघांना मिळून साडेनऊच्या आसपास. उरलेले दोन-अडीच व्होल्ट रेझिस्टर पचवतो.

आता गाडी सुरू करा. बॅटरी नावाला बारा व्होल्टची असली, तरी इंजिन चालू असताना अल्टरनेटर तिला चौदाच्या आसपास व्होल्टनं चार्ज करत असतो. एलईडींची भूक फारशी वाढत नाही, त्यामुळे वरचे दोन व्होल्ट जवळजवळ सगळे रेझिस्टरच्या माथी येतात आणि तिकडीतून वाहणारा करंट दुपटीच्या जवळ जाऊ शकतो. पट्टी झगझगीत दिसते, मालक खूश होतो आणि दोन-तीन महिन्यांत मधलेच तुकडे काळे पडू लागतात. दुकानदारानं माल खराब दिला, असं मग सगळे म्हणतात. खरं तर घराच्या फॉल्स सीलिंगसाठी, ठाम बारा व्होल्टच्या अडॅप्टरवर चालायला केलेली वस्तू गाडीत लावलेली असते. वाहनासाठी बनवलेली, बारा ते चोवीस व्होल्ट झेलणारी पट्टी घेतली, किंवा मध्ये व्होल्टेज बांधून देणारा छोटा रेग्युलेटर बसवला, तर तीच पट्टी कितीतरी जास्त टिकते.

दुसरी गोष्ट फ्यूजची, आणि इथे थोडं रागानंच लिहावं लागतं. कित्येक गाड्यांत जादा दिव्याची वायर थेट बॅटरीच्या प्लसला गुंडाळलेली सापडते. मध्ये फ्यूज नसतो. असलाच तर तो कधीचा उडालेला असतो आणि त्याच्या जागी तांब्याची तार, नाहीतर सिगारेटच्या पाकिटातली चांदी बसलेली असते. फ्यूज दिव्याच्या रक्षणासाठी असतो, हा समज चुकीचा आहे. तो वायर वाचवण्यासाठी असतो. चॅसिसवरून हौद्याकडे जाणारी वायर रोज खडखडत असते. एखाद्या पत्र्याच्या कडेवर घासून तिचं प्लास्टिक गेलं आणि तांबं पत्र्याला टेकलं, की बॅटरी तिच्यातून शेकडो अँपिअर लोटू शकते. काही क्षणांत ती वायर लालबुंद होते आणि शेजारी डिझेलची नळी असते, रेक्झिनची सीट असते, ताडपत्री असते. म्हणून फ्यूज बॅटरीपासून वीतभर अंतरावरच हवा. दिव्याजवळ लावलेला फ्यूज मधल्या सगळ्या वायरीच्या कामाचा नाही.

किती अँपिअरचा फ्यूज, हे वॅटवरून ठरतं. जास्त उजेडाची पट्टी मीटरला साधारण 14.4 वॅट खाते. दोन मीटर लावली तर 28.8 वॅट, म्हणजे बारा व्होल्टला 2.4 अँपिअर. एक ते दीड चौरस मिलिमीटरची वायर आणि पाच अँपिअरचा फ्यूज याला पुरतो. पात्याच्या फ्यूजमध्ये पाचचा रंग बदामी, दहाचा लाल, पंधराचा निळा, विसाचा पिवळा. फ्यूज वारंवार उडतो म्हणून बदामी काढून पिवळा घालणारे महाभाग आहेत. त्यांच्या गाडीत दोष तसाच राहतो, फक्त तो आता बिनबोभाट जळायला मोकळा होतो.

मायनसची वायर चॅसिसलाच द्यायची असते, पण रंगावर नाही. बोल्टखालचा रंग पॉलिश पेपरनं खरवडून चकचकीत लोखंड काढायचं, वायरीला लग दाबून घट्ट आवळायचं आणि वरून ग्रीस फासायचं. खड्डा आला की लुकलुकणाऱ्या दिव्याचं कारण बहुतेक वेळा इथेच असतं. पत्र्यातून वायर आरपार न्यायची तर भोकात रबरी ग्रॉमेट हवा. हौदा पाण्याच्या जोरदार फवाऱ्यानं धुतला जातो, हळदीची पोती चढली की पिवळी धूळ फटीफटीत शिरते, म्हणून उघडी पट्टी तिथे चालत नाही. सिलिकॉनच्या नळीतली घ्यावी लागते. पट्टीमागचा गोंद सांगलीच्या एप्रिलमध्ये हमखास सुटतो. फर्निचरवाल्यांकडे मिळणाऱ्या अॅल्युमिनियमच्या पन्हळीत ती बसवून पन्हळीला दोन रिव्हेट मारले की काम पक्कं होतं, शिवाय अॅल्युमिनियम उष्णताही ओढून घेतं.

गाडीला स्वतःच्या हातानं दिवा करण्याची सवय या मुलखाला नवी नाही. रात्री चालणाऱ्या बैलगाडीच्या आसाखाली कंदील लोंबत असे. तो पुढची वाट दाखवण्यापेक्षा, इथे गाडी आहे हे सांगण्यासाठी जास्त. कराडजवळच्या ओगलेवाडीत 1916 साली सुरू झालेल्या ओगले काच कारखान्याचा ‘प्रभाकर’ कंदील महाराष्ट्रभर घरोघरी पोहोचला होता. कंदिलाची एक सोय पट्टीत नाही: कंदिलातलं रॉकेल संपलं तर फक्त कंदील विझतो. पट्टीनं बॅटरी संपवली तर गाडीच उभी राहते.

याचा अनुभव आषाढीच्या वारीत येतो. ज्ञानेश्वर माउलींची पालखी नीरा ओलांडून सातारा जिल्ह्यात येते आणि लोणंद, तरडगाव, फलटण, बरड असे मुक्काम करत पुढे सरकते. दिंड्यांबरोबर सामानाच्या गाड्या असतात. मुक्कामाला पोहोचल्या की त्यांचा हौदा म्हणजे कोठीघर होतो. शिधा, भांडी, तंबूचे बांबू, कुणाची औषधाची पिशवी, सगळं तिथेच. रात्रभर कुणी ना कुणी काही शोधत असतं, म्हणून दिवा चालूच राहतो. वर दिलेल्या दोन मीटरच्या पट्टीनं आठ तासांत सुमारे 19 अँपिअर-तास खर्च होतात. पिकअपची बॅटरी साठ-सत्तर अँपिअर-तासांची धरली, तर तिचा चौथाई हिस्सा किंवा त्याहून थोडा जास्त एका रात्रीत गेला. त्यावर मोबाइल चार्जिंगला लागलेले, बॅटरी तीन वर्षांची जुनी आणि इंजिन डिझेलचं, ज्याला स्टार्टर फिरवायलाच जबर करंट लागतो. पहाटे दिंडी निघते आणि गाडीला दहा जण धक्का मारत असतात.

उपाय खर्चाचा नाही. रात्रभर चालवायचा दिवा मंद पट्टीचा करावा. मीटरला 4.8 वॅटची पट्टी तेवढ्याच वेळात साडेसहा अँपिअर-तासांपेक्षा कमी खाते आणि पोत्यावरचं नाव वाचायला तिचा उजेड पुरतो. शिवाय स्वस्तातला व्होल्टमीटर डॅशबोर्डवर बसवावा. गाडी तास-दोन तास उभी असताना तो 12.6 दाखवत असेल तर बॅटरी भरलेली आहे, 12.2 वर आला तर निम्म्यावर आली असं समजून दिवा बंद करावा.

कॅबिनमधल्या दिव्यांची कथा निराळी. तिथे गरजेपेक्षा हौस जास्त असते. देवाच्या फोटोभोवती लाल, छताला निळा, पायाशी जांभळा, गाणं लागलं की बदलणारा. उभ्या गाडीत ते छान दिसतं, कुणाच्या हौसेला नावं ठेवायचं कारण नाही. पण पसरणीच्या घाटात धुकं असताना हाच निळा उजेड पुढच्या काचेवर आतून उमटतो आणि वळणावरचा दगड त्या प्रतिबिंबात हरवतो. अंधाराला डोळे पूर्ण सरावायला वीस-तीस मिनिटं लागतात आणि ती सवय मोडायला निळा-पांढरा झगझगाट क्षणभर पुरतो. पायाशी मंद तांबूस दिवा असेल तर डोळ्याला त्याचा त्रास कमी होतो. कॅबिनचे हौशी दिवे इग्निशनवर नव्हे, वेगळ्या बटणावर ठेवले की घाटात बंद करता येतात.

कायद्याचंही पाहायला हवं. 1989 च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांतल्या 108व्या नियमानुसार गाडीनं पुढच्या बाजूला लाल आणि मागच्या बाजूला लालाशिवाय दुसरा दिवा दाखवायचा नसतो. गाडीच्या आतल्या उजेडाला त्यातून सूट आहे. पण फाळक्याकडे तोंड करून लावलेली पांढरी पट्टी चालत्या गाडीत मागच्याच्या डोळ्यांत जाते, तेव्हा ती ‘आतली’ आहे असं पोलिसाला पटवणं कठीण. म्हणून पट्टी कॅबिनच्या बाजूनं न लावता हौद्याच्या दोन्ही कडांना, खाली तोंड करून लावलेली बरी. तसा उजेड थेट क्रेटवर पडतो आणि थर लावणाऱ्याची सावली त्याच्याच कामावर पडत नाही.

राहता राहिलं बटण. बहुतेक जण ते ड्रायव्हरजवळ बसवतात. माल चढवणारा मग मागून ओरडत राहतो आणि ड्रायव्हर तेव्हा नेमका चहाला गेलेला असतो. जाणकार वायरमन दोन बटणं देतो: एक फाळक्याजवळ, रबरी टोपीखाली, आणि एक डॅशबोर्डवर, बारीक लाल ठिपक्याचं. हौद्यातला दिवा चालू असेपर्यंत तो ठिपका जळत राहतो.