तारे मोजावेत की गणिते?

सापशिडीचे मूळ रूप असलेला मोक्षपट ज्ञानेश्वरांनी रचला, अशी आपल्याकडे परंपरा आहे. शिडी सद्गुणाची, साप दुर्गुणाचा. खेळता खेळता मुले नीतीचा पाठ शिकत. खेळातून शिक्षण ही कल्पना त्यामुळे आपल्याला नवी नाही. नवे आहे ते तिचे ऑनलाइन रूप: गुण, तारे, पदके, चढत्या पातळ्या आणि रोजच्या अभ्यासाची अखंड साखळी.

या संदर्भात बेंगळुरूचे एक उदाहरण उल्लेखनीय आहे. तेथे २००० साली स्थापन झालेल्या अक्षरा फाउंडेशनने शालेय मुलांसाठी ‘बिल्डिंग ब्लॉक्स’ हे गणिताचे विनामूल्य ॲप तयार केले. ते साध्या स्मार्टफोनवर चालते आणि मराठीतही उपलब्ध आहे. शाळेतलीच गणिते त्यात खेळाच्या रूपाने समोर येतात. उत्तर चुकले तरी कोणी हसत नाही, पुन्हा प्रयत्न करता येतो. गणिताचा धसका घेतलेल्या मुलाला हा दिलासा फार मोठा असतो. याच संस्थेने कर्नाटकात ग्रामपंचायत पातळीवर गणित स्पर्धाही घडवून आणल्या आणि मुलांची प्रगती गावासमोर आणली.

मात्र बक्षिसाला दुसरी बाजूही आहे. अमेरिकेत स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या बालवाडीत लेपर, ग्रीन व निस्बेट या मानसशास्त्रज्ञांनी केलेला प्रयोग १९७३ साली प्रसिद्ध झाला. चित्रकलेची आवड असलेल्या काही मुलांना चित्रे काढल्यास प्रमाणपत्र देण्याचे आधीच कबूल केले होते. पुढे मोकळ्या वेळेत हीच मुले इतरांपेक्षा कमी चित्रे काढू लागली. ज्यांना प्रमाणपत्र अनपेक्षितपणे मिळाले, त्यांची आवड मात्र टिकून राहिली. बक्षिसासाठी केलेले काम बक्षिसाबरोबरच संपते, हा यातील बोध.

आपल्या आवर्ती ठेवीचेच पाहा. हप्ता न चुकविण्याची शिस्त मोलाची खरी, परंतु आपण हप्ते भरतो ते मुदतीअखेर हाती येणाऱ्या रकमेसाठी. अभ्यासाच्या साखळीचेही तसेच आहे. ताऱ्यांनी मुलाला अभ्यासापर्यंत आणावे. पुढे त्याला विषयाची गोडी लागली पाहिजे.

म्हणून पालकांनी ‘आज किती तारे मिळाले?’ असे विचारण्याऐवजी ‘आज कोणते गणित अडले आणि ते कसे सुटले?’ असे विचारावे. मूल रंगून सांगू लागले, तर खेळाचे काम झाले असे समजावे.