फिरत्या घरांच्या पोटातील नळ्या

अमेरिकेत ‘मोबाईल होम’ या नावाने ओळखली जाणारी घरे कारखान्यात पोलादी चौकटीवर बांधली जातात, चाकांवरून मुक्कामी नेली जातात आणि एकदा तेथे ठोकळ्यांवर बसली म्हणजे बहुधा पुन्हा हलत नाहीत. जागेवर बांधलेले घर ज्यांच्या आवाक्याबाहेर असते अशी लक्षावधी कुटुंबे त्यांत आयुष्य काढतात. अल्प खर्चात निवारा देणे हेच या घरांचे प्रयोजन असल्यामुळे त्यांच्या रचनेत काटकसरीचा हात सर्वत्र दिसतो. परंतु त्या काटकसरीचे खरे परिणाम पाहावयाचे असतील तर भिंती किंवा छप्पर न पाहता जमिनीखालचे नळकाम पाहावे, असे मला वाटते.

या घरांत पाण्याची नळी रहिवाशाच्या पायांखालून जाते. जमिनीच्या तुळयांमधून नळ्या फिरविलेल्या, त्यांच्याभोवती थंडीच्या निवारणार्थ काचतंतूंची लोकर भरलेली आणि सर्वांच्या खाली घराच्या पोटाला ताणून बसविलेले एक अखंड आवरण, अशी ही मांडणी असते. नळी कोठेतरी झिरपू लागली की पाणी लोकरीत मुरत, आवरणात साठत जाते आणि ते आवरण भरलेल्या मशकेप्रमाणे खाली लोंबू लागते. गळतीचे मूळ मात्र तेथून दहा हात दूरही असू शकते. घराची जमीन पुष्कळदा लाकडाचा भुसा दाबून केलेल्या फळ्यांची असते. हा भुसा एकदा पाणी प्याला म्हणजे फुगतो, आणि वाळल्यावरही त्याचे पूर्वीचे बळ परत येत नाही. न्हाणीघराजवळची जमीन पावलाखाली दबू लागली, हीच कित्येक कुटुंबांना मिळालेली पहिली वर्दी असते.

१९७४ साली अमेरिकी संसदेने या घरांच्या बांधणीसंबंधी कायदा केला आणि १५ जून १९७६ पासून त्याखालील नियमावली अमलात आली. तिच्यात पाण्याच्या नळ्यांना दर चौरस इंचास १०० पौंडांच्या दाबाखाली १५ मिनिटे कसोटीस उतरविण्याचे बंधन आहे. ही तजवीज योग्यच होती. परंतु जी नळी पंधरा मिनिटांत निर्दोष ठरते ती पंधरा वर्षांत कशी वागेल, याचा जबाब कोणत्याही दाबमापकाला देता येत नाही, आणि ज्याच्या नळ्या या घरांत बसविल्या गेल्या त्या पॉलिब्युटिलीन या प्लास्टिकची कैफियत नेमकी येथेच सुरू होते.

१९७८ पासून १९९५ पर्यंत या प्लास्टिकच्या करड्या रंगाच्या नळीचा अमेरिकेत मोठा प्रसार झाला. तांब्याहून स्वस्त, हाताने वळणारी, कमी जोडांत बसणारी ही नळी फिरत्या घरांच्या कारखानदारांना अगदी सोयीची होती, म्हणून त्यांनी ती मुक्तहस्ते वापरली. पुढे निष्पन्न झाले ते असे की, नगरांच्या पाण्यात जंतुनाशासाठी घातलेल्या क्लोरीनने नळीची आतली बाजू हळूहळू ठिसूळ होते, तिला सूक्ष्म चिरा पडतात आणि एके दिवशी पूर्वसूचनेवाचून ती फुटते. अ‍ॅसिटल नावाच्या प्लास्टिकचे जे सांधे तिच्यावर बसविले जात, तेही याच कारणाने दगा देत. बाहेरून पाहावे तर नळी धडधाकट! फिर्यादी वाढल्या, आणि १९९५ साली टेनेसी राज्यातील ओबायन परगण्याच्या न्यायालयात नळी व सांधे यांचे प्लास्टिक पुरविणाऱ्या शेल व हेक्स्ट सेलानीज या कंपन्यांविरुद्धच्या सामुदायिक दाव्यात ९५ कोटी डॉलरांची तडजोड मंजूर झाली. दावे दाखल करण्याची मुदत कधीच संपली आहे, पण ती नळी अनेक घरांत अद्याप शिल्लक आहे. आणि अशी जुनी घरे हातोहात विकली जात असल्यामुळे, ज्याचा ती नळी बसविण्याशी काडीचाही संबंध नव्हता अशा नव्या, बहुधा गरीबच, खरेदीदाराच्या माथी तिचा भुर्दंड येतो. ही गोष्ट मला अन्यायाची वाटते, आणि ती तशी स्पष्ट म्हटली पाहिजे.

दुरुस्तीचा प्रश्न आला की जाणता कारागीर फुटलेला तुकडा तेवढा बदलण्यास नाखूश असतो, कारण एका ठिकाणी चिरलेल्या नळीचा उरलेला भागही तेच पाणी तितकीच वर्षे पीत आलेला असतो. शक्य तेथे तो सगळी नळी काढून पेक्स, म्हणजे रेणूंची परस्परबांधणी केलेल्या पॉलिएथिलीनची नळी घालतो. ही नळी लवचीक असून वळणावर कोपरजोडाची गरज फारशी भासू देत नाही, आणि आत पाणी गोठले तरी बरेचदा ताणून निभावते. ऊन मात्र तिला सोसत नाही. पैशाअभावी जुन्या नळीला नवी जोडणे भागच पडले, तर दोहोंचा बाह्य व्यास सारखा असूनही अंतर्व्यास वेगळा असतो, म्हणून एका टोकाला एक आणि दुसऱ्याला दुसरी बसेल असा खास पितळी सांधा घ्यावा लागतो. हा भेद ठाऊक नसल्याने केलेली दुरुस्ती लौकरच पुन्हा गळू लागते.

इतर अडचणीही आहेत. न्हाणीचे टब पुष्कळदा ५४ इंच लांबीचे असतात, तर नेहमीच्या दुकानात ६० इंची मिळतात. म्हणून सामानासाठी याच घरांचा माल ठेवणाऱ्या विक्रेत्याकडे जावे लागते. कित्येक जुन्या घरांत प्रत्येक तोटीखाली वेगळी बंद-चावी नसते, त्यामुळे एका वॉशरसाठी साऱ्या घराचे पाणी तोडावे लागते. नळकाम उघडलेच आहे तर ह्या चाव्या त्याच वेळी बसवून घेणे शहाणपणाचे. उत्तरेकडील थंड प्रांतांत बाहेरून घरात शिरणाऱ्या नळीवर विजेची तापपट्टी गुंडाळतात. जीर्ण किंवा एकावर एक गुंडाळलेली पट्टी आग लावू शकते, म्हणून ती दर हिवाळ्यापूर्वी तपासावी लागते.

आणि नळी बदलून झाली, पाणी सुरू झाले, एवढ्याने काम पुरे होत नाही. कापलेले आवरण सांधणे, भिजलेली लोकर काढून कोरडी भरणे, उंदीर शिरतील अशा फटी बुजविणे, हे घराखाली सरपटत, चिखलात उताणे पडून करावयाचे काम आहे. घाईच्या कंत्राटात तेच गाळले जाते, आणि पुढच्या हिवाळ्यात नवी नळी त्या उघड्या जागी गोठते.