जहाजाच्या अंगावरची रेघ

मुंबई बंदरात रिकामं मालवाहू जहाज उभं असलं, की त्याच्या अंगावर, पाण्याच्या बरंच वर, एक वर्तुळ दिसतं. ३० सेंटिमीटर व्यासाचं, मधून आडवी रेघ गेलेलं. शेजारी आखूड रेघा आणि टी, एस, डब्ल्यू अशी अक्षरं. माल चढतो तसं जहाज पाण्यात बसत जातं. पाणी ठरलेल्या रेघेला टेकलं, की भरणं बंद. अडाणी खलाशालाही वाचता यावा असा हा समुद्राचा कायदा आहे.

दीडशे वर्षांपूर्वी ब्रिटनमध्ये अशी सक्ती नव्हती. काही मालक जुनाट जहाजांत माल ठासून भरत, दणदणीत विमा उतरवत आणि त्यांना समुद्रात लोटून देत. जहाज पोचलं तर भाडं, बुडालं तर विमा! करारावर सही केलेल्या खलाशाने जहाजाची दशा पाहून चढायला नकार दिला, तर तुरुंगात तोच जाई. असे शेकडो खलाशी गजाआड गेले.

न्यूकॅसलच्या जेम्स हॉल या जहाजमालकाने याविरुद्ध आधी आवाज उठवला, हे सहसा कुणाला आठवत नाही. रेघेला नाव मिळालं ते डर्बीचे खासदार सॅम्युअल प्लिमसॉल यांचं. २२ जुलै १८७५ रोजी पंतप्रधान डिझरायलींनी जहाजांविषयीचं विधेयक बाजूला ठेवलं, तेव्हा प्लिमसॉल भर सभागृहात मूठ उगारून ओरडले. पुढे त्यांना माफी मागावी लागली, पण देश पेटला होता. १८७६ मध्ये रेघ सक्तीची झाली. ती कुठे मारायची, हे मात्र मालकावरच सोडलं होतं. म्हणजे कुलूप लावून किल्ली चोराच्याच हाती! ही पळवाट १८९० मध्ये बुजली.

रेघ फक्त आमच्याच जहाजांना का, ही ब्रिटिश मालकांची तक्रार रास्त होती. परदेशी जहाज जास्त माल भरून स्वस्तात नेणार. १९०६ च्या कायद्याने ब्रिटिश बंदरांत येणाऱ्या परदेशी जहाजांनाही रेघ लागू झाली. १९३० मध्ये लंडनला अनेक देशांनी मिळून करार केला. १९६६ मध्ये त्याची जागा नव्या कराराने घेतली. आजचे नियम त्यावर उभे आहेत.

त्यात समुद्र आणि ऋतूही आले. शांत उष्ण समुद्रासाठी ‘टी’ची रेघ वर, म्हणजे माल जास्त, उन्हाळी ‘एस’ त्याखाली, हिवाळी ‘डब्ल्यू’ आणखी खाली. जुलै-ऑगस्टात मुंबईसमोरच्या अरबी समुद्रात ‘टी’ची सवलत मिळत नाही, जहाजाला ‘एस’वर थांबावं लागतं. त्याच दिवसांत किनाऱ्यावर कोळ्यांच्या होड्या नारळी पौर्णिमेची वाट बघत शाकारलेल्या असतात.