मध्य अक्षांशांतील आवर्त: निर्मिती आणि विकास

सुमारे ३०° ते ६०° अक्षांशांच्या पट्ट्यात उष्ण कटिबंधाकडून येणारी उबदार वायुराशी आणि ध्रुवाकडून येणारी थंड वायुराशी समोरासमोर येतात. त्या सहज मिसळत नाहीत. त्यांच्यामधील सीमेला आघाडी म्हणतात. मध्य अक्षांशांतील आवर्त प्रामुख्याने याच सीमेवर जन्मतात. उष्ण कटिबंधीय चक्रीवादळाला समुद्रावरील बाष्पाच्या सुप्त उष्णतेतून ऊर्जा मिळते. या आवर्तांची मुख्य ऊर्जा मात्र दोन वायुराशींच्या तापमानातील फरकातून येते. जड थंड हवा खाली उतरते, हलकी उबदार हवा वर चढते आणि त्यातून वाऱ्याला गतिज ऊर्जा मिळते.

आवर्ताचे जीवनचक्र

नॉर्वेतील बर्गेन येथे काम करणाऱ्या याकोब ब्यर्कनेस यांनी १९१९ मध्ये या आवर्ताची रचना मांडली. उत्तर गोलार्धातील त्याच्या अवस्था अशा:

१. आघाडीवर लहान लाट उठते व तेथे कमी दाबाचे केंद्र तयार होते.
२. केंद्राच्या पूर्वेस उष्ण आघाडी पुढे सरकते, पश्चिमेकडून शीत आघाडी येते.
३. वेगवान शीत आघाडी उष्ण आघाडीला गाठते. उबदार हवा जमिनीपासून उचलली जाते, केंद्राजवळचा तापमानातील फरक संपतो आणि आवर्त विरतो.

दाब कमी का होत जातो?

जमिनीलगत हवा सतत केंद्राकडे येते. मग कमी दाब भरून का निघत नाही? याचे उत्तर सुमारे ८ ते १० किमी उंचीवरील जेट वाऱ्यांत आहे. तेथील कमी दाबाच्या द्रोणीच्या पूर्वेस हवा फाकत जाते. खालून येणाऱ्या हवेपेक्षा वरून बाहेर जाणारी हवा जास्त असेल, तर हवेच्या स्तंभाचे वस्तुमान घटते आणि दाब उतरतो. म्हणून विकास होत असताना वरची द्रोणी जमिनीवरील केंद्राच्या पश्चिमेस असते. दोन्ही एकावर एक आले की विकास थांबतो.

जानेवारी १९९३ मध्ये उत्तर अटलांटिकवरील एका आवर्ताचा केंद्रीय दाब सुमारे ९१४ हेक्टोपास्कलपर्यंत उतरला. समुद्रसपाटीचा सरासरी दाब १०१३ असतो. शेटलंडच्या किनाऱ्यावर अडकलेले ‘ब्रेअर’ हे तेलवाहू जहाज या वादळात मोडले. वादळ त्याच नावाने ओळखले जाते.

भारतात हिवाळ्यात येणारे पश्चिमी विक्षोभ याच कुळातले आहेत. त्यांच्या आघाड्या जमिनीवर अनेकदा स्पष्ट दिसत नाहीत. वरची द्रोणी मात्र दिसते. म्हणून पंजाबातील गव्हावर पाऊस पडेल का, हे पाहताना जमिनीवरील नकाशाबरोबर वरच्या थराचा नकाशाही वाचावा लागतो.