बेवारस बॅग, खोटा फोन आणि आपण

अमेरिकेतल्या नातवाला भेटायला निघालेल्या आजीबाईंच्या पर्समधून लोणच्याची बरणी बाहेर काढली जाते, तेव्हा त्यांचा चेहरा पाहवत नाही. ‘अहो, कैरीचं लोणचं आहे, त्यात कसला आलाय बॉम्ब?’ बंगळूरजवळच्या देवनहळ्ळीच्या विमानतळावर काय किंवा मुंबईच्या काय, हे दृश्य नेहमीचेच. पण त्या रांगेतल्या जवळजवळ प्रत्येक नियमामागे एक घातपात उभा आहे, हे आजीबाईंना कुणी सांगितलेले नसते.

२३ जून १९८५ रोजी एअर इंडियाचे ‘कनिष्क’ आयर्लंडजवळ समुद्रावर फुटले. ३२९ माणसे गेली. बॉम्बची बॅग विमानात चढली होती, बॅगेचा मालक मात्र चढलाच नव्हता! प्रवासी आणि त्याचे सामान यांची जोडी जुळवण्याचा काटेकोरपणा आला तो त्यानंतर. डिसेंबर २००१ मध्ये एकाने बुटात स्फोटके दडवली, म्हणून बूट उतरवणे आले. ऑगस्ट २००६ मध्ये शीतपेयाच्या बाटल्यांतून स्फोटक द्रव नेण्याचा कट लंडनला उघडकीस आला आणि शंभर मिलिलिटरची मर्यादा आली. तेलात बुडालेले लोणचे अडकते ते इथे. आपल्या विमानतळांवर केंद्रीय औद्योगिक सुरक्षा दलाचे जवान उभे राहिले तेही डिसेंबर १९९९ च्या कंदाहार अपहरणानंतर.

थोडक्यात, ही रांग कालच्या हल्ल्याला उत्तर देते. मग उद्याचा हल्ला कसा असेल?

देवनहळ्ळी हे टिपू सुलतानाचे जन्मगाव. म्हैसूरच्या सैन्याच्या लोखंडी नळीच्या अग्निबाणांनी इंग्रजांना चकित केले होते. समोरच्याला ठाऊक नसलेले शस्त्र काय करते, हे या गावाला वेगळे सांगायला नको. आजचे तसे शस्त्र म्हणजे ड्रोन. २७ जून २०२१ रोजी जम्मूच्या हवाई दलाच्या तळावर ड्रोनमधून स्फोटके टाकली गेली. जानेवारी २०२२ मध्ये अबुधाबीवर ड्रोनचा हल्ला झाला, त्यात मेलेल्या तिघांपैकी दोघे भारतीय होते. २०२१ च्या नियमांनुसार विमानतळाच्या हद्दीपासून आठ किलोमीटरच्या आत परवानगीशिवाय ड्रोन उडवता येत नाही. आठ ते बारा किलोमीटरच्या पट्ट्यात दोनशे फुटांच्या वर नाही. लग्नाचे चित्रीकरण करायला येणाऱ्या फोटोग्राफरला हे जरूर विचारा. आकाशात भिरभिरणारे यंत्र वऱ्हाडाचे की आणखी कुणाचे, हे खालच्या पहारेकऱ्याला कळावे कसे?

मला मात्र ड्रोनपेक्षा अधिक अस्वस्थ करते ते मंगळूरचे प्रकरण. २० जानेवारी २०२० रोजी तिथल्या विमानतळावर एक बेवारस बॅग जवानांच्या नजरेला पडली. आत खराखुरा बॉम्ब! तो मोकळ्या मैदानात नेऊन निकामी करण्यात आला. दोनच दिवसांनी एक माणूस आपणहून बंगळूरच्या पोलिसांपुढे हजर झाला. त्याच्यामागे कुठली संघटना नव्हती. उलट, देवनहळ्ळीच्या विमानतळावर बॉम्ब असल्याचे खोटे फोन केल्याबद्दल याच इसमाला २०१८ मध्ये अटक झाली होती. २०२२ मध्ये न्यायालयाने त्याला वीस वर्षांची शिक्षा दिली.

खोट्या फोनपासून खऱ्या बॉम्बपर्यंतचा हा प्रवास. म्हणूनच खोट्या धमकीला ‘कुणीतरी चेष्टा केली’ म्हणून सोडून देता येत नाही, आणि दर वेळी घाबरून पळतही सुटता येत नाही. १ डिसेंबर २०२३ रोजी बंगळूर आणि परिसरातल्या चाळीसहून अधिक शाळांना ई-मेलने बॉम्बची धमकी आली. हातातले काम टाकून आईवडील शाळेच्या फाटकाशी धावले. कुठेही काही सापडले नाही. ऑक्टोबर २०२४ मध्ये तर देशभरातल्या शेकडो विमानांना अशा धमक्या आल्या. दर वेळी तपासणी, खोळंबा, खर्च आहेच. पण खरी भीती वेगळी आहे. शंभर वेळा ‘लांडगा आला’ ऐकलेला माणूस एकशे एकाव्या वेळी डोळे उघडे ठेवील का?

आणि बॉम्बच लागतो असेही नाही. ऑगस्ट २०१२ मध्ये ईशान्येकडच्या लोकांवर हल्ले होणार, अशी अफवा मोबाइलवरून पसरली आणि हजारो माणसे बंगळूर सोडून निघाली. गुवाहाटीसाठी खास गाड्या सोडाव्या लागल्या. सरकारला एकगठ्ठा एसेमेसवर काही दिवस बंधन घालावे लागले. आज हातात व्हॉट्सअ‍ॅप आहे. ‘आलं तसं पुढे पाठवलं’ असे म्हणणारे काका प्रत्येक घरात एक तरी असतातच!

सरकारने करायचे ते सरकार करील. २६/११ नंतर राष्ट्रीय तपास संस्था स्थापन झाली, एनएसजीची केंद्रे मुंबईसारख्या शहरांत आली. पण टेबलाखालची बॅग आधी दिसणार ती शेजारच्या टेबलावरच्या माणसाला. पुण्याच्या जर्मन बेकरीत १३ फेब्रुवारी २०१० रोजी बेवारस सॅकनेच सतरा बळी घेतले. अशी वस्तू दिसली तर हात लावू नका, उघडून पाहू नका. इतरांना दूर करा आणि ११२ क्रमांकाला कळवा. मुलांनाही हे शिकवा, पण भुताच्या गोष्टीसारखे नव्हे. रस्ता ओलांडायला शिकवतो तसे.

१ मार्च २०२४ रोजी बंगळूरच्या रामेश्वरम कॅफेत असाच कुणी बॅग ठेवून निघून गेला. स्फोटात अनेक जण जखमी झाले. सीसीटीव्हीत टिपलेल्या टोपीवाल्याचा माग काढत तपास संस्थेने १२ एप्रिलला बंगालमध्ये दोघांना पकडले. कॅफे मात्र त्याच्या कितीतरी आधी, आठ दिवसांतच उघडला होता. दारात येणाऱ्यांची तपासणी चालली होती, आणि इडलीसाठी माणसे रांगेत उभी होती.