फेस आला म्हणून डाग जात नाही

लगीनसराईत नांदेड-लातूरकडे हा प्रश्न हमखास कानावर येतो: हळद लावताना गालिच्यावर सांडली, आता काय करायचं? आणि लगेच कुणीतरी सांगतं, "खायचा सोडा टाका, वरून लिंबू पिळा. फसफसून डाग वर येतो." मोबाइलवरचे व्हिडिओ पाहून लोक हे इतक्या खात्रीने सांगतात की चीड येते.

सोडा अल्क, लिंबू आम्ल. एकत्र आले की दोघेही एकमेकांचा जोर मारतात. फसफसतो तो कार्बन डायऑक्साइड, तो हवेत जातो. मागे राहतं सोडियम सायट्रेटचं खारट पाणी. त्यात हळदीचा डाग काढण्याची ताकद नसते.

मग डाग फिकटल्यासारखा का वाटतो? हळदीतलं रंगद्रव्य म्हणजे कर्क्युमिन. ते अल्कात तांबडं होतं, आम्लात पिवळं. हळदीला चुना लावून लाल रंग आणतात, तो याच गुणामुळे. सोड्याने डाग तांबूस होतो, लिंबाने पुन्हा पिवळा. लाली गेलेली दिसते आणि आपण म्हणतो, निघाला! कर्क्युमिन मात्र तंतूंत तसंच बसलेलं असतं. साबण लावल्यावर डाग लाल होतो तेव्हा घाबरून गालिचा टाकून देणारेही आहेत. तेही चूकच. ती लाली धुतल्यावर उतरते.

कर्क्युमिन पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, स्पिरिटमध्ये विरघळतं. म्हणून आधी चमच्याने वरची हळद उचला. घासू नका, घासलं की ती खोल जाते. खिडक्या उघडा, गॅस-निरांजन बंद ठेवा. पांढऱ्या सुती फडक्यावर स्पिरिट किंवा बिनरंगी सॅनिटायझर घ्या, आधी गालिच्याच्या कोपऱ्यावर लावून त्याचा रंग सुटतो का ते पाहा. मग डागाच्या कडेकडून मध्याकडे टिपत चला. फडकं पिवळं झालं की घडी बदला. हळदीत तेल असेल तर पाण्यात भांडी घासायच्या लिक्विडचे चार थेंब टाकून तसंच टिपा, मग साध्या पाण्याने.

उरलेला पिवळेपणा उन्हात जातो. प्रकाशाने कर्क्युमिन तुटतं, हे टोनेसन आणि कार्लसन या नॉर्वेजियन संशोधकांनी 1980च्या दशकातच दाखवलं आहे. फक्त गालिचा दिवसभर तापत ठेवू नका, त्याचाही रंग उडतो.

साबणाची वडी गालिच्यावर घासूच नका. बोअरच्या जड पाण्यात साबणाचा चिकट साका होतो, तो तंतूंत अडकतो आणि त्यावर धूळ बसते. बादल्या ओतणंही नको. 2016च्या एप्रिलपासून मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलेल्या लातूरला पाण्याचं मोल काय सांगायचं? शिवाय खालचा थर ओला राहून कुजतो, तो वेगळाच.

बाकीचे समज थोडक्यात. रक्ताच्या डागाला गरम पाणी: उलट तो पक्का होतो, थंडच वापरा. तेलावर बेसन: ताजं असेल तर थोडं शोषतं, जुन्या डागावर काही करत नाही. शाईवर रॉकेल: आगीला निमंत्रण. लोकरीवर ब्लीच: लोकर विरघळते.

गालिच्याच्या मागे लोकर किंवा रेशीम लिहिलं असेल तर घरी काहीही लावू नका. कोरडी हळद उचला आणि सरळ गालिचे धुणाऱ्याकडे द्या.