स्वतःची किंमत कोण ठरवते?

आपण कसे आहोत आणि आपली लायकी किती, याविषयी प्रत्येकाच्या मनात एक चित्र असते. ते जन्मतः मिळत नाही. लहान मुलांच्या नाकाला नकळत लाल रंग लावून त्यांना आरशासमोर आणण्याचा प्रयोग ब्यूला ॲम्स्टरडॅम यांनी १९७२ मध्ये प्रसिद्ध केला. वर्षभराची मुले आरशातल्या मुलाशी खेळू लागली. दोन वर्षांकडे झुकलेल्या बऱ्याच मुलांचा हात मात्र स्वतःच्या नाकाकडे गेला. इथे मुलाला आपली ओळख पटते, पण किंमत ठरायला अजून अवकाश असतो. तीन-चार वर्षांचे मूल मी जोरात पळतो, मला गाणे येते, असे बिनदिक्कत सांगते. शाळेत गेल्यावर तुलना सुरू होते आणि सुमारे आठव्या वर्षापासून मूल स्वतःविषयी एकंदर मत बनवू लागते.

हे मत केवळ यशापयशावर ठरत नाही. यश आणि अपेक्षा यांच्या प्रमाणावर आत्मसन्मान अवलंबून असतो, असे मानसशास्त्रज्ञ विल्यम जेम्स यांनी १८९० मध्ये मांडले. मानसशास्त्रात दुसरा कोणी आपल्यापेक्षा जाणकार निघाला तर आपल्याला लाज वाटते, ग्रीक भाषेच्या अज्ञानाची मात्र मुळीच वाटत नाही, हे त्यांचे स्वतःचेच उदाहरण. ज्या गोष्टीत माणूस जीव ओततो, तिथलेच अपयश त्याला लागते.

पण कशात जीव ओतायचा, हे तरी एकट्याने कुठे ठरते? समाजशास्त्रज्ञ चार्ल्स कूली यांनी १९०२ मध्ये या प्रश्नाच्या मुळाशी हात घातला. आपण दुसऱ्याला कसे दिसतो याची माणूस कल्पना करतो, तो आपल्याविषयी काय मत बनवत असेल याचा अंदाज बांधतो आणि त्या अंदाजातून त्याला अभिमान किंवा शरम वाटते. यात अंदाज सर्वांत महत्त्वाचा. लोकांचे खरे मत आणि माणसाची स्वप्रतिमा यांचा मेळ फारसा बसत नाही. लोकांना आपल्याविषयी काय वाटते असे त्याला वाटते, त्याच्याशी मात्र ती बरीच जुळते.

म्हणून कौतुकही जपून करावे लागते. क्लॉडिया म्युलर आणि कॅरोल ड्वेक यांनी १९९८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत पाचवीतल्या काही मुलांना 'हुशार आहेस' म्हटले, काहींना 'मेहनत घेतलीस' म्हटले. पुढची अवघड कोडी सुटली नाहीत तेव्हा हुशार म्हटलेली मुले लवकर खचली. हुशारीवर किंमत ठरली, की एक चूकही त्या किमतीवर घाला घालते.

पाहणारी नजरच उतरंडीची असेल तर काय होते? कार्ला हॉफ आणि प्रियंका पांडे यांनी उत्तर प्रदेशातल्या खेड्यांतील सहावी-सातवीच्या मुलांना वाट शोधण्याची कोडी घातली. जात जाहीर न करता बसवले तेव्हा तथाकथित उच्च आणि खालच्या जातींतील मुलांच्या कामगिरीत लक्षणीय फरक पडला नाही. सगळ्यांसमोर नाव, बाप-आजाचे नाव आणि जात पुकारल्यावर खालच्या जातींतल्या मुलांची कामगिरी घसरली. २००६ मध्ये प्रसिद्ध झालेला हा निष्कर्ष अस्वस्थ करणारा आहे. क्षमता तीच होती. ती सगळ्यांच्या नजरेसमोर दबली.

ही गोष्ट डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी फार आधी ओळखली होती. डिसेंबर १९२७ मध्ये महाडला सत्याग्रहासाठी जमलेल्या अस्पृश्य मानल्या गेलेल्या समाजातील स्त्रियांना त्यांनी लुगडे नेसण्याची ढब आणि जड दागिने ही अस्पृश्यतेची खूण बनल्याचे सांगितले, ती टाकून द्यायला आणि मुलींना शिकवायला सांगितले. परिणाम लगेच दिसला. अनेकींनी लुगडे नेसण्याची पद्धत तिथेच बदलली. बदल कपड्यांचा असला तरी सांगणे थेट आत्मसन्मानाविषयी होते. पाहणाऱ्यांची नजर बदलण्याची वाट न पाहता, ती नजर जिच्यावर अडकत होती ती खूणच त्या स्त्रियांनी दूर केली.